दहा किलो पेलणारं हेड

४ मे, शनिवार
लेन्स गेली! ताम्हिणीच्या अलीकडे, धनेशाच्या ढोलीसमोर. नर चोचीत उंबर घेऊन आला, मी डोळा लावला — तेवढ्यात ट्रायपॉडवरचं, कॅमेरा-लेन्स धरून ठेवणारं हेड निसटलं. कॅमेरा वाचला, लेन्स खडकावर. आत काचा खुळखुळतायत. तीन वर्षं लोकांच्या लग्नांचे फोटो काढून घेतलेली लेन्स!
हेड सौरभने, आमच्यातल्याच एका फोटोग्राफरने, वापरायला दिलेलं. म्हणाला होता, "ताई, दहा किलो पेलतंय. डब्यावर लिवलंय." लांब लेन्स पुढे झुकल्यावर काय होतं, ते डब्यावर कोण लिहितो?

५ मे, रविवार
सौरभने फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकलं — हेडला काही झालेलं नाही, मन्तशाताईंना स्क्रू आवळता येत नाही. खाली चौदा जण हसले. त्यातले नऊ जण अब्बांच्या स्टुडिओत काम शिकलेत.

६ मे, सोमवार
ज्यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकासाठी मी धनेश टिपत होते, त्या पुस्तकवाल्यांचा पुण्याहून फोन. पिल्लू आठवड्याभरात ढोलीबाहेर येईल, थांबता येणार नाही. काम सौरभला दिलं. दोन महिने गोचीड अंगावर घेऊन ते झाड मी शोधलं! अब्बा म्हणाले, जाऊ दे बेटा, पक्षी कुणाच्या मालकीचा नसतो. अब्बांचं सगळं जाऊ देच असतं. त्यांच्यासमोर मान हलवली. मी सोडणार नाही.

७ मे, मंगळवार
हेड उघडून बघितलं. लेन्सखालची प्लेट धरणाऱ्या जबड्याला केसाएवढी चीर! म्हणजे माझी चूक नव्हतीच. फोटो काढला. ग्रुपवर टाकायचा, चौदाही जणांची तोंडं बंद.
नाही टाकला.
सौरभने पिरंगुटच्या एकाकडून मोठी लेन्स मागून आणलीय. आज निरोप आला — हेड परत द्या, ढोलीवर जायचंय. जा की.

८ मे, बुधवार
चीर फेवीक्विकने भरली. वरून काळा मार्कर. मलाच सापडेना. आम्हा फोटोग्राफरांत परत आलेली वस्तू कोणी समोर तपासत नाही, विश्वास नाही असा अर्थ होतो. सौरभनेही न बघता बॅगेत टाकली. वर म्हणाला, "राग नका धरू, ताई."
राग कसला? पडू दे की तुझीही. मग टाक ग्रुपवर, स्क्रू कुणाला आवळता येत नाही ते!

९ मे, गुरुवार
दिवसभर फोन हातात. काही नाही. अम्मीने दोनदा विचारलं, कुणाची वाट बघतेस?

१० मे, शुक्रवार
सौरभ आला. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. काल ढोलीसमोर हेड निसटलं, लेन्स पडताना धरायला झेपावला आणि उतारावरून खाली गेला. मनगट दोन ठिकाणी मोडलंय, ऑपरेशन आहे. बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. अब्बांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.
"तुमी म्हणत व्हता तेच खरं, ताई. हेडच खराब व्हतं. मी उगाच तुमची बदनामी केली. ग्रुपवर माफी मागितलीय."
मग डाव्या हाताने मागून आणलेल्या लेन्सची बॅग पुढे केली. लेन्स शाबूत आहे, पडतानाही त्याने सोडली नव्हती. पुस्तकवाल्यांशी तोच बोललाय. पिल्लू उद्या-परवा बाहेर येईल, मीच जावं म्हणाला.
मी हो म्हणाले.