भरतीच्या तलावाचा फोटो

१ मार्च, शनिवार
निवृत्तीचा पहिला दिवस. लायसन्स ऑफिसात एकतीस वर्षं लोकांना स्टुलावर बसवून फोटो काढले. हनुवटी वर, चष्मा काढा, हलू नका. अंदाजे दोन लाख चेहरे. एवढा अनुभव शहरात दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही. आता कलेसाठी जगायचं.

स्पर्धा सापडली आहे. विषय: माणूस आणि पाणी. शेवटची तारीख २०. विषय वाचला आणि फोटो डोळ्यांसमोर उभाच राहिला. समुद्रातला तलाव. घरापासून दहा मिनिटांवर, खडकात तीन भिंती बांधून केलेला. भरतीला लाटा भिंतीवरून आत येतात. संध्याकाळच्या उजेडात शटर तीस सेकंद उघडं ठेवलं की पाण्याचं धुकं होतं. हे पुस्तकात वाचलं. म्हणजे मला ठाऊक होतंच, पुस्तकाने दुजोरा दिला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी गच्चीवरचे कपडे आणा.

३ मार्च, सोमवार
भरती ६.१०, सूर्यास्त ६.४०. वेळेवर पोचलो. ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायची चकती घरी राहिली. चूक कंपनीची. एवढीशी वस्तू सुटी द्यायची कशाला?

कॅमेरा कठड्यावर ठेवून तीन फोटो काढले. तिन्ही तिरके. मग तुषार उडून लेन्सवर मीठ बसलं.

ताई पोहत होती. माझी मोठी बहीण, वय सहासष्ट, निवृत्त नर्स, आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहते. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी या तलावात पोहते. पहिली लाट भिंतीवरून आत आली की बाहेर येते, एक हातही जास्त मारत नाही. आजही तशीच आली. टॉवेल गुंडाळून विचारलं, झाला का फोटो? म्हटलं, आज फक्त पाहणी होती.

४ मार्च, मंगळवार
काल ६.१०ला भरती, म्हणून आजही ६.१०ला गेलो. पाणी भिंतीच्या बरंच खाली. पाणी चढलं तोवर अंधार. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते असं लाइफगार्डने सांगितलं. फळ्यावर लिहिलंय की काका, म्हणाला. फळा अत्यंत चुकीच्या जागी लावला आहे.

आता भरती आणि संध्याकाळ यांची गाठ १७-१८ला. तोपर्यंत कसून तयारी. रोज सकाळी पाचला उठणे.

९ मार्च, रविवार
पाचला उठणं सोमवारपासून.

बाथरूममध्ये बादली भरून, नळ सोडून तीस सेकंदांचा सराव. हिने दार वाजवून विचारलं, आत जिवंत आहात ना? या घरात एकाग्रता अशक्य.

मोठी गोष्ट लक्षात आली. फोटोत माणूस हवा. तलाव आहे, पाणी आहे, माणूस नाही. स्वतः उभा राहिलो असतो, पण कॅमेरा कोण सांभाळणार? शिवाय मला पोहता येतं, फक्त पाण्यात उतरायची सवय राहिलेली नाही.

११ मार्च, मंगळवार
ताईला विचारलं. समोरच्या भिंतीच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात, साखळी धरून उभं राहायचं. तोंड माझ्याकडे, पाठ समुद्राकडे. फक्त तीस सेकंद.

भरतीला मी आत थांबत नाही, असं ती म्हणाली. म्हटलं, ताई, आयुष्यात एकदाच मागतोय. (हे वाक्य मी आधी वापरलं असल्याचं तिने सांगितलं.) आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तेव्हापासून तिने मला कशालाच नाही म्हटलेलं नाही. सातवीत नापास झालो तर शाळेत भांडायला ताईच गेली होती.

शेवटी हो म्हणाली. अट एकच: "मला मागचं दिसणार नाही. लाटेकडे तू बघायचंस." म्हटलं, ते काय सांगायला हवं?

१७ मार्च, सोमवार
ढग. उजेड मेलेला. तरी ट्रायपॉड लावून ठेवला. चकती आणली होती. बॅटरी उतरली.

लाइफगार्ड म्हणाला, काका, आजींना भरतीत उभं करू नका. आजी म्हटल्यावर ताई चिडली आणि हसली. मी त्याला सांगितलं, त्या नर्स होत्या. तो म्हणाला, लाटेला ते माहीत नसतं. उर्मट आहे. त्याची ड्युटी साडेसहाला संपते. उद्या साडेसहानंतरच काम करावं.

१९ मार्च, बुधवार, सकाळी ७, हॉस्पिटल
ताईचं खुब्याचं हाड मोडलं आहे. खांद्यालाही मार. उद्या ऑपरेशन.

जसं झालं तसं लिहून ठेवतो, कारण लोक काहीही बोलतात.

काल संध्याकाळी सगळं उत्तम होतं. आकाश जांभळं, भरती ६.४०. ताई पायरीवर उभी राहिली, साखळी धरली. मी सांगितलं, हलू नकोस, आणि बटण दाबलं. तुषार लेन्सवर येऊ नये म्हणून छत्री धरली होती. डोळा सेकंदांवर. मध्ये ताईने काहीतरी विचारलं. झालं का, असंच असणार. मी छत्रीआडून तळहात दाखवला, थांब. मग लाट आली. मी तत्काळ धावलो. लाइफगार्ड सायकलचं कुलूप काढत होता, तोही आला. आम्ही दोघांनी तिला बाहेर काढलं. तो पाण्यात उतरला, मी टॉर्च धरला.

लाट अचानक आली. कुणालाच दिसली नसती.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ताईनेच सांगितलं, शेवाळावरून पाय घसरला. माझीच चूक, असंही म्हणाली. हिने माझ्याकडे बघितलं. मी हॉस्पिटलच्या फळ्यावरची माहिती वाचत होतो.

२० मार्च, गुरुवार
ऑपरेशन साडेतीन तास. बाहेरच्या बाकावर बसून फोनवरूनच फोटो स्पर्धेला पाठवला. शेवटचा दिवस होता. ताईचे कष्ट वाया जाऊ नयेत, एवढाच हेतू. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर अप्रतिम दिसतो.

ही शेजारी बसली होती. काय करताय, विचारलं. म्हटलं, नातेवाइकांना कळवतोय.

२४ मार्च, सोमवार
ताई घरी. वॉकर घेऊन खाट ते बाथरूम, बाथरूम ते खाट. डॉक्टर म्हणाले, पोहणं विसरा. आत्ता विसरा की कायमचं, ते मी विचारलं नाही. ताईनेही नाही.

ठराव: रोज संध्याकाळी तासभर तिच्याजवळ बसायचं. आज बसलो. वीस मिनिटं. तिला विश्रांती हवी होती, तसं दिसत होतं.

ही माझ्याशी कामापुरतं बोलते. दमली असेल.

२७ मार्च, गुरुवार
स्पर्धेची ईमेल. फोटो बाद. कारण: "छायाचित्रात माणूस नाही."

आंधळे परीक्षक! ताबडतोब उत्तर लिहायला घेतलं. पुरावा म्हणून फोटो पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर मोठा केला.

तलाव आहे. जांभळं आकाश आहे. पाणी रेशमासारखं. साखळीची कडी न् कडी मोजता येते. पायरी रिकामी.

अजून मोठा केला. पायरीच्या जागी पुसट धब्बा. पाणीही असू शकेल.

पुस्तक काढून पुन्हा वाचलं. तीस सेकंदांत जे स्थिर राहतं तेच उमटतं. जे थोडाच वेळ असतं ते पुसलं जातं. म्हणजे ताई पायरीवर चार-पाच सेकंद होती. फार तर सहा. आणि फोटो पूर्ण तीस सेकंदांचा आहे. कुठेही हललेला नाही.

ईमेलला उत्तर दिलं नाही.

३० मार्च, रविवार
ताईने फोटो मागितला. म्हटलं, तो बिघडला. म्हणाली, बिघडलेला दाखव.

लॅपटॉप खाली नेला. ही तिथे ताईची उशी सारखी करत होती, मग सूप गरम करायला आत गेली. ताईने चष्मा लावून नीट बघितला. रंग छान आलाय, म्हणाली. मग म्हणाली, मी कुठे आहे?

मी समजावायला लागलो. हलणारी वस्तू उमटत नाही, वगैरे. तिने मध्येच विचारलं, किती वेळाचा फोटो आहे? दोन सेकंदांचा, असं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून तीस आलं.

ताईने चष्मा काढला. म्हणाली, "मी पाण्यातून तुला तीनदा हाक मारली. तू हात दाखवलास. मला वाटलं, तू येतोयस."

आतून भांड्याचा आवाज आला. ताईने लॅपटॉप मिटला आणि हळूच म्हणाली, "हे तिला सांगू नकोस. मी पाय घसरला म्हणून सांगितलंय."

ही सूप घेऊन आली. मी उठून तिला बसायला जागा दिली आणि दाराशी उभा राहिलो.