गोदाबाईच्या पेशींच्या झुंजीला हजर राहू देणेबाबत

प्रति,
मा. संचालक साहेब,
स्त्री-कर्करोग पेशी संशोधन केंद्र,
अमरावती.

अर्जदार : नत्थुजी भगवंत ढोणे, व्यवसाय फूलशेती, रा. पातूर, जि. अकोला.

विषय : माझी मयत पत्नी गोदाबाई हिच्या पेशींच्या झुंजीच्या वेळी हजर राहू देणेबाबत व त्यासाठी माझ्यावरील प्रवेशबंदी उठवणेबाबत.

संदर्भ : मला कायमची प्रवेशबंदी केल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, माझी पत्नी गोदाबाई गेल्या वर्षी पौषात अंडाशयाच्या कर्करोगाने वारली. तिच्या पोटात पाणी भरत असे. ते काढताना आपल्या केंद्राच्या डॉ. वर्षाली मॅडम यांनी विचारले की, हे पाणी फेकण्यापेक्षा संशोधनासाठी द्याल काय? त्यातल्या पेशी बाटलीत वाढवून, त्यांचा वाण कायम राखून, त्यावर नवे उपचार तपासता येतील. मी तोंड उघडायच्या आत गोदाबाईच म्हणाली, "घ्या ना बाई. माह्या पोटात राहून त्यानं कोनतं भलं केलं? कोनाच्या कामी तं येऊ द्या." संमतीवर सही तिची आहे. माझी फक्त साक्षीदाराची आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

२. ती गेली आणि पेशी जगल्या. मला हे समजायला जड गेले नाही. शेवंतीचे झाड बहर सरला की वाळते, पण बुडाचे फुटवे काढून लावले की पुढच्या साली तीच शेवंती फुलते. आमच्या वावरातली पिवळी शेवंती गोदाबाईने चांदूर बाजारहून, माहेरातून आणलेली आहे. तेव्हा मी मॅडमना विनंती केली की, मला एकदा पाहू द्या. त्यांनी मला झगा-टोपी घालून सूक्ष्मदर्शकातून दाखवले. एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. त्यानंतर मी पातूरहून अकोला व अकोल्याहून अमरावती असा एस.टी.ने येत राहिलो. पाहायचो, बाहेर बाकावर डबा खायचो व परत जायचो. मुलगी खुशी पुण्यास नोकरीला आहे, ती फोनवर "बाबा, इकडे या" म्हणते. पण पुण्यात मी काय करू? घरात माझ्याशी बोलणारे कोणी नाही. हे अर्जात लिहायचे नसते, याची मला जाणीव आहे. परंतु कारण दाखविल्याशिवाय अर्ज विचारात घेतला जात नाही आणि खरे कारण हेच आहे.

३. प्रवेशबंदीस कारण झालेली घटना अशी. मार्गशीर्षात शेवंतीचा पहिला तोडा झाला. पहिल्या तोड्याची वेणी दरसाल गोदाबाईच्या केसात जायची. मी ती झग्याखाली लपवून आणली आणि मॅडमची पाठ फिरताच पेशींच्या उबेच्या कपाटात ठेवली. त्यामुळे आत बुरशी शिरली व सगळ्या बाटल्या फेकाव्या लागल्या. गोठवून ठेवलेल्या कुप्यांतून पेशी पुन्हा वाढवता आल्या म्हणून निभावले. चूक मला शंभर टक्के मान्य आहे. तथापि आपल्या पत्रात "अनधिकृत इसमाने अनधिकृत वस्तू ठेवली" असे म्हटले आहे, त्यास माझी सक्त हरकत आहे. वेणी अनधिकृत असेल. नवरा अनधिकृत कसा?

तेव्हापासून मी येतो, पण फाटकापर्यंतच. आपले चौकीदार डोमाजी भले गृहस्थ आहेत. "मामाजी, साहेबाचा आर्डर हाय, मी काय करू?" असे म्हणून मला स्वतःची खुर्ची देतात. त्यांच्यावर कारवाई करू नये.

४. बंदीच्या आधीपासून गावातही माझी कुचंबणा चालू आहे, तीही नजरेस आणून देतो. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात, हे आपणास ठाऊकच आहे. गेल्या नवमीला मी शेजारच्या तानुबाईंना सांगितले होते. त्या पाटावर बसल्या आणि वाढलेल्या ताटावरून उठल्या. म्हणाल्या, "भाऊजी, गोदी अमरावतीले जिती हाय असं तुमीच गावभर सांगता. मंग मी कोनाच्या नावानं जेवू? माह्या कुंकवाले काही झालं तं?" तीन घरी विचारले, कोणी येईना. शेवटी त्या ताटावर मीच बसलो. "गोदाबाई मयत, पेशी हयात" असा लेखी खुलासा मिळण्यासाठी मी तेव्हाच आपल्याकडे अर्ज केला होता. त्याचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे आणि यंदाची नवमी तोंडावर आली आहे.

५. आता निकडीचे. परवा मॅडम स्वतः फाटकाशी आल्या आणि माझ्याजवळ बसून बोलल्या. "काकाजी, तुमी ज्या पेशी पाह्याले येत होते ना, त्या रोगाच्या हायेत. मी पयलेही सांगतलं होतं." सांगितले असेल. मी ऐकले नसेल. म्हणजे डबा बांधून मी ज्याला भेटायला येत होतो, तो तिला नेणारा रोग होता. वेणीही त्यालाच वाहिली. महोदय, मला त्या वेळी इतका राग आला आणि इतके रडू आले की डोमाजींनी पाणी आणून दिले.

पुढे मॅडमनी सांगितले की, त्याच पाण्यात गोदाबाईच्या स्वतःच्या लढणाऱ्या पेशीसुद्धा सापडल्या होत्या. थकून, हात टेकून बसलेल्या. त्या निवडून, वेगळ्या ताटलीत खाऊपिऊ घालून आता धडधाकट केल्या आहेत. त्यांना याच महिन्यात रोगाच्या पेशींवर सोडणार आहेत. त्या जिंकल्या, तर याच वाटेने इतर बायांसाठी उपचार शोधता येईल.

म्हणजे खरी गोदाबाई दुसऱ्या ताटलीत होती आणि ती मी अजून पाहिलेली नाही.

६. सबब माझी एकच मागणी आहे. झुंजीच्या दिवशी मला आत घ्यावे. गावच्या कुस्तीतसुद्धा पहिलवानाच्या बाजूची चार माणसे आखाड्याशी उभी असतात. तिच्या बाजूने कोणीच नसावे, हे मला सहन होत नाही. मी काचेबाहेर उभा राहीन, कशाला हात लावणार नाही. दारात माझी झडती घ्यावी.

मॅडम असेही म्हणाल्या की, रोगाच्या पेशी संपल्या की लढणाऱ्याही हळूहळू संपतात, कारण त्यांना काम उरत नाही. गोठवलेल्या कुप्यांना भेटता येत नाही. म्हणजे दोन्ही ताटल्या रिकाम्या झाल्यावर अमरावतीत मला भेटायला कोणी राहणार नाही. याची पूर्ण कल्पना असूनही लिहून देतो की, तिनेच जिंकावे, ही विनंती.

आपला विश्वासू व फाटकाबाहेरील,
(सही)
नत्थुजी भगवंत ढोणे
पातूर, दि. १० सप्टेंबर २०२५