मागे पडलेला चंद्र

२ नोव्हें.
आईला वाटूरहून आणून तीन आठवडे झाले. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं, पण अजून सगळं धुक्यातलं दिसतं म्हणते. आज पुन्हा तेच झालं. सातला सुधाकर ऑफिसातून आला, बातम्या लावल्या, आणि आई डोक्यावरचा पदर सारखा करत सोफ्यावरून उठली. तिचं कीर्तन त्याच वेळी दुसऱ्या चॅनलवर असतं. "मला दिसतंय कुठं," म्हणाली, आणि आत मेथी निवडत बसली.
जावयाच्या घरी रिमोट मागायचा नाही. सु.ला ती का उठते ते कळतच नाही. सांगितलं तर तो ओशाळेल, आणि आई दुसऱ्या दिवशी वाटूरची एसटी धरेल. तिथे एकटी, असल्या डोळ्यांनी...

३ नोव्हें.
जुन्या जालन्यात जाऊन टीव्हीला लावायचे, रेकॉर्डिंगचे दोन बॉक्स आणले. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन्ही न्या. आठ दिवस वापरा, आईंना जमंल ते ठेवा. दुसरं वापस." पहिल्याला मागून पेन ड्राइव्ह लावायचा. दुसऱ्याच्या पोटातच सगळं साठतं.
सु.ला एवढंच सांगितलं, आईसाठी आहे. "बरं," म्हणाला.

४ नोव्हें.
पहिला बॉक्स. लाल बटण दाबलं की रेकॉर्ड, इतकं सोपं. पण तेवढा वेळ दुसरं चॅनल लागत नाही. कीर्तन साठवायचं तर बातम्या बंद. मग आणला कशाला? शिवाय नावांची यादी इंग्रजीत, बारीक अक्षरात. आईने टीव्हीला नाक लावून पाहिलं. "मुंग्या चालून राह्यल्या का काय ह्या?"

५ नोव्हें.
दुसरा. एक बघता येतं, त्याच वेळी दुसरं साठतं. नावं मोठी. मात्र रिमोटवर इतकी बटणं की मीच चष्मा शोधला. आईच म्हणाली, "ज्वारीचा दाणा चिकटव. बोट लागलं की कळंल."
थांबवायच्या बटणावर लावला. तेच पुन्हा दाबलं की पुढे चालू. बाकी काही शिकायची गरज नाही, असं मला वाटलं.

७ नोव्हें.
जेवणानंतर आई साठवलेलं कीर्तन बघते. थेंब घालायची वेळ झाली की दाणा दाबते, डोळे मिटून पडून राहते, उठून पुन्हा दाबते. कीर्तनकार हात वर करून तसाच उभा असतो. तिला फार गंमत वाटते.
"मी येईस्तोवर थांबतंय बघ. माणसं कुठं थांबतेत?"
खूप दिवसांनी हसली. हाच ठेवायचा, मी मनात ठरवून टाकलं.

९ नोव्हें.
काल संकष्टी. कालच लिहायचं होतं, जमलं नाही.
आईचा नारळ घेऊन राजूरच्या गणपतीला गेले होते. दर्शनाच्या रांगेतच अंधार पडला. स्वयंपाक सकाळीच करून ठेवला होता. सु. उशिरा येणार, म्हणून आई टीव्हीवर चालू असलेलंच कीर्तन बघणार होती. त्याच चॅनलवर चंद्रोदयाची आरती लागते, मग उपास सोडायचा.
परत येताना चंद्र चांगला वर आला होता. वाटलं, जेवली असेल.
दार उघडलं तर आई टीव्हीसमोर, सु. गॅलरीत. दोघेही उपाशी.
"आई, चंद्र कधीचाच निघाला."
"न्हाई अजून. निघाला का आरती लागंल. कीर्तन तर चालू हाये."
मग लक्षात आलं. थेंब तीन प्रकारचे, प्रत्येकाच्या मध्ये पडून राहायचं. तिने दाणा दाबून तीनदा कीर्तन थांबवलं होतं. टीव्ही तेवढाच मागे पडला. खाली एक बारीक रेघ येऊन जाते, मागे पडल्याची खूण तेवढीच. ती मलाही धड दिसत नाही. कॅलेंडरवर वेळ छापलेली आहे, पण आई ते वाचू शकत नाही.
सु.ला विचारलं, तू तर गॅलरीत होतास, आईला सांगितलं का नाहीस?
"दिसला की चंद्र. पण मामी म्हणल्या टीव्हीवर आरती झाली का सोडते. मला वाटलं त्यांचा तसा नेम असंल. मधी कसं बोलावं?"
"आणि तू का नाही जेवलास?"
"त्यांच्या आधी?"
आईने ऐकलं. दोन घास खाल्ले आणि उठली.

१० नोव्हें.
सकाळी आईची पिशवी बांधून कॉटवर.
"मला वाटूरला सोड."
उपास उशिरा सुटल्याचं तिला काहीच नाही. "जावयाला उपाशी बसवलं मी. कुठं फेडू हे? तिकडं शेजारची सून भिंतीवरून वरडती, काकू, चंद्र निघाला. बराबर सांगती."
थेंब संपेपर्यंत तरी थांब म्हटलं. ती पिशवीची गाठ आवळत बसली.
बॉक्सचा राग आला. मग वाटलं, त्याचं काय चुकलं? थांब म्हटलं, थांबला. एका घरात दोन माणसं बसलेली, आणि चंद्र निघाला एवढं एकमेकांना...

११ नोव्हें.
पिशवी पाहिली असेल सु.ने. मी काही बोलले नव्हते. सातला आला आणि टीव्हीवर स्वतःच कीर्तन लावलं. आई उठायला लागली.
"बसा मामी. बातम्या साठवायला लावल्यात, जेवल्यावर बघतो."
आई अवघडून सोफ्याच्या कडेला बसली. मान खालीच, पण ऐकलं सगळं. नंतर आत येऊन हळूच मला म्हणाली, "शिळी भाकर खातेत लोक. शिळ्या बातम्या कोण खातं?"

१२ नोव्हें.
दुकानदाराचा फोन, कोणता ठेवता? उद्या सांगते म्हटलं.
संध्याकाळी रिमोट घेऊन बसले. मागे पडलेला टीव्ही चालू वेळेवर आणणारं एक बटण सापडलं, अगदी कोपऱ्यात. त्यावर दुसरा दाणा चिकटवत होते.
सु. म्हणाला, "मामी, पुढच्या चतुर्थीला मी गॅलरीतून सांगतो. टीव्हीचं ऐकू नका."
आई शक्यतो त्याच्याशी सरळ बोलत नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना म्हणावं, आभाळ आलं तर?"
"तर दोघं मिळून वाट बघू. पण जेवून."
"जेवून कसा असतो उपास?" हे मात्र तिने त्याच्याकडे बघूनच विचारलं.
पिशवी अजून कॉटवर आहे, बांधलेली. झोपायच्या आधी बघितलं, थेंबांच्या बाटल्या तेवढ्या बाहेर काढून टीव्हीजवळ ठेवल्या आहेत.