भिंगरीचं अंगण, सध्या आत येऊ नये

१ फेब्रुवारी
संकल्प. माझ्या लेकीच्या, भिंगरीच्या, बालवाडीमागचं अंगण मी निसर्गाने भरून टाकणार. सध्या तिथे नुसतं काँक्रीट आणि एक घसरगुंडी, तीही उन्हाने तापलेली. पालकसभेत बाईंनी विचारलं की कोणी मदत करेल का, तेव्हा बाकीच्या बापांनी मोबाईलमध्ये डोकी खुपसली. मी हात वर केला. मी पोटासाठी पार्किंगचे आराखडे काढतो. मोकळ्या जागेचं काय करायचं हे मला कोणी शिकवू नये.

खरं कारण वेगळं. सुट्टीनंतर भिंगरी मोठ्या शाळेत जाणार. त्याआधी तिने एकदा तरी मातीत मनसोक्त खेळावं, आणि तेही माझ्याबरोबर. मी ऑफिसातून येतो तेव्हा ती झोपलेली असते. मला याचं वाईट वाटतं. बायकोला बेत सांगितला. म्हणाली, आधी बाल्कनीतली कुंडी जगवून दाखव.

४ फेब्रुवारी
आराखडा तयार! मातीची टेकडी, वाळूचा हौद, ओंडक्यांची वाट, वेलींचा बोगदा. सगळीकडे बाण. बाईंनी विचारलं की बाण कशाला. मी समजावलं, मुलं समोरासमोर धावली तर धडकतील, म्हणून वन-वे. बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. भारावून गेल्या असाव्यात.

१२ फेब्रुवारी
काँक्रीट फोडणं सुरू. धुरळा. मुलं वर्गात कोंडलेली. गब्बू नावाचा एक गोल मुलगा खिडकीच्या काचेला नाक चिकटवून सारखा विचारतो की आता येऊ का. त्याला सांगितलं, थोडा धीर धर. त्याने नाक काढलं नाही.

२० फेब्रुवारी
घात झाला. मातीचा ट्रक आला आणि ड्रायव्हर सगळा ढीग फाटकाशीच ओतून पसार. मी फोनवर त्याच्याशी भांडतोय तोवर अख्खी पलटण ढिगावर! कोणी लोळतंय, कोणी बीळ खोदतंय. गब्बू बुटांत माती भरून परत ओतत होता, कशासाठी देव जाणे. भिंगरी अगदी टोकावर. केसांत माती, तोंडाला माती, ओरडतेय, बाबा, वर ये ना!

मी म्हणालो, आत्ता नाही राणी, हे अजून तयार नाही. सगळ्यांना खाली उतरवलं. माती दाबली गेली की तिच्यात काही उगवत नाही. शिवाय ढीग टेकडीच्या जागेवर नव्हताच.

लगेच दोरी बांधली. शिट्टी विकत आणली. मुलांना नियम समजावले. दोरीच्या आत पाय टाकायचा नाही. झाडाला हात लावायचा नाही. शिट्टी वाजली की दोन पावलं मागे. भिंगरीला मॉनिटर केलं. इतकी खूश झाली की घरी शिट्टी गळ्यात घालूनच जेवली.

२१ फेब्रुवारी
बाई म्हणाल्या, काल मुलं किती रमली होती, ढीग तसाच राहू दिला तर? मी हसलो. भावनेच्या भरात डिझाइन होत नसतं.

३ मार्च
ढीग हलवला. टेकडी झाली. थोडी बसकी झाली. टेकडी म्हणण्यापेक्षा स्पीडब्रेकर म्हणता येईल. तिच्यावर गवत लावलंय. कोवळं आहे, पाय पडला तर संपलं. उद्घाटन पंधरा तारखेला, नक्की.

९ मार्च
कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, वाकू नका. बागकाम न वाकता करायचं तर झाडं तरी माझ्या उंचीची हवीत. उद्घाटन बाविसाला.

१४ मार्च
वाळूच्या हौदाचा लाभ सर्वात आधी शेजारच्या मांजराने घेतला. कशासाठी ते लिहीत नाही. वाळू बदलली. वर जाळी टाकली. जाळीला कुलूप. किल्ली माझ्याकडे.

१७ मार्च, रविवार
भिंगरी सकाळीच अंथरुणात येऊन बसली. म्हणाली, आज आपण काहीतरी खेळू. मी म्हणालो, अगं, हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय! आणि गवताला पाणी घालायला गेलो. परतलो तर ती आईबरोबर पत्ते खेळत होती. मला पण घ्या म्हणालो. डाव अर्ध्यावर आहे, म्हणाली.

बायकोने माझ्याकडे न बघता पुढचं पान टाकलं.

२१ मार्च
वेली चढेनात. बोगदा म्हणजे सध्या नुसत्या वाकवलेल्या काठ्या. दोन ओंडक्यांना वाळवी. गवत पिवळं. साहेबांनी विचारलं की हल्ली पार्किंगच्या आराखड्यांत झाडं का दिसतात. उद्घाटन पुढे ढकललं. बाई म्हणाल्या, आहे तसंच उघडूया हो. मी म्हणालो, मुलांना अर्धवट निसर्ग द्यायचा? मला ते पटत नाही.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. शिस्त उत्तम. आता दोरीजवळ कोणी फिरकतही नाही. गब्बूसुद्धा खिडकीत येत नाही.

५ एप्रिल
बालवाडीचा उद्या शेवटचा दिवस. म्हणजे उद्याच उद्घाटन. दोन दिवस रजा टाकली. नवं गवत आणलं. वेलींना दोऱ्याने बांधून चढवलं. हौदाचं कुलूप काढलं. जुने कपडे काढून ठेवलेत, उद्या मी तिच्याबरोबर लोळणार. कंबर गेली खड्ड्यात.

६ एप्रिल
सकाळी सगळे पालक जमले. मी दोरी कापली. दोन शब्द बोललो (बाईंनी खूण करेपर्यंत). मग मुलांना म्हणालो, चला, पळा!

कोणी हललं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत ओरडलो. उत्साह यावा म्हणून शिट्टी वाजवली. सगळी मुलं दोन पावलं मागे गेली.

बाईंनी समजावलं, आता चालतं रे, जा. गब्बूने विचारलं, हात लावला तर काका ओरडणार का? मी म्हणालो, नाही रे बाळा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि आईच्या मागे लपला. शेवटी मी स्वतः टेकडीवर जाऊन लोळलो. काही पालकांनी फोटो काढले. वळून बघितलं, तर भिंगरी मुलांच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी. कोणालाही आत सोडत नव्हती.

म्हटलं, ये ना गं वर. नाही आली. गवत मोडेल म्हणाली. मग मी खाली गेलो तर कानाशी येऊन सांगितलं, बाबा, तू ऑफिसात असायचास ना, तेव्हा पण मी कोणाला जाऊ दिलं नाही. मी पण नाही गेले.

शाब्बास म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घरी चालत आलो. वाटेत तिने मला सगळे नियम म्हणून दाखवले. एकही चुकला नाही.