सरूचं नाक आणि गुलाबी औषध

कासू, ता. १० फेब्रुवारी १९९१

तीर्थरूप सासूबाई ठमाबाई यांस,

जावई काळुरामचा वाकून नमस्कार. (कंबर वाकवली आहे, मान नाही.) तुमचे गुडघे आता बरे असतील. आवाज तर ठणठणीत आहेच, कारण मी तुमच्या मावसबहिणीला, आमच्या शेजारच्या धोंडुबाईला, घरातून हाकललं म्हणून तुम्ही रोह्यात जी बोंब मारताय ती इथपर्यंत ऐकू आली. हो, हाकललं. पुन्हा आली तर पुन्हा हाकलीन. पण लोकांना सांगायचंच तर पुरतं सांगा, म्हणून लिहितो.

सरूला ताप भरला तेव्हा पेणच्या डॉक्टरीणबाईंनी गुलाबी औषध दिलं आणि ताप उतरला तरी बाटली संपवायची, अशी ताकीद दिली. मी म्हटलं, अडीच वर्षांची पोर ती, त्यात काय एवढं? (कंपनीत मी ॲसिडची पिंपं हलवतो.) पहिल्यांदा दुधात कालवून दिलं, तर तिनं एक घोट घेऊन पेला मांजरापुढे सरकवला. मग नुसतंच दिलं. ते तोंडात धरून, गाल फुगवून ती शहाण्यासारखी अंगणभर फिरली आणि मी शिफ्टला निघालो तेव्हा गळ्यात पडून सगळं माझ्या शर्टावर सोडलं. कंपनीत जो तो विचारी, पान कुठं खाल्लंस?

संध्याकाळी घरी येतो तर धोंडुबाई तुमचा निरोप घेऊन हजर. नाक दाबा, तोंड आपोआप उघडतं! मी हातपाय धुवून येईपर्यंत तिनं सरूला आडवी पाडून नाक दाबलं आणि चमचा ओतलासुद्धा. पोरीला ठसका लागला, श्वास अडकला, ओठ निळे पडले. तुमची लेक मैना किंचाळली. मी सरूला हातावर पालथी घेऊन पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा औषध बाहेर आलं आणि ती रडली. तिच्या रडण्याचं एवढं सुख मला कधी वाटलं नव्हतं.

धोंडुबाई म्हणते, "आमची पोरा अशीच वाढली!"

मी म्हटलं, "वाढली असतील. माझ्या पोरीच्या नाकाला कोणी हात लावायचा नाय. निघ!"

तेच तुम्हालाही सांगतो. तुम्ही मोठ्या आहात, नाक तिचं आहे.

त्यानंतर मी तिला मांडीवर ताठ बसवलं. आधी तिनं मला टोपणानं साधं पाणी पाजलं, मी वेडीवाकडी तोंडं केली, ती खिदळली. मग मी औषध तिच्या गालाच्या आत थोडंथोडं सोडलं. गिळलं! दोन दिवसांत तापही उतरला. पाजताना अख्खी आळी बघायला आली होती. धोंडुबाईसुद्धा कुडाआडून बघत होती.

तुमचा न झुकणारा जावई,
काळुराम

ता. क. सरूला मैनाच्या हातची पेज जात नाही. आजी, आजी करते. रविवारी या, स्टेशनवर घ्यायला येतो. याला माघार समजू नये.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात सरूनं माझ्याही हातचं औषध थुंकलं. बाटली अजून अर्धी आहे. रविवार राहू द्या. पत्र पोचताच मिळेल त्या गाडीला बसा.