उजवीकडे फिरवलेली बटणं

मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

चि. गुणगुणीस,

सगळ्यांत आधी आली ती शिंपीणबाई, तीही ठेवणीतल्या चपला घालून. मी म्हटलं, "अगं, आपण टीव्ही बघायचाय, टीव्ही आपल्याला बघणार नाहीये." तर म्हणते, "वाहिनीची माणसं येणार, गबाळ्यासारखं कशाला बसायचं?" मग खालच्या मजल्यावरची नर्स आली, रात्रपाळी करून तशीच, डोळे तांबारलेले. आणि शेवटी शेजारची टकळी. तिचं खरं नाव आता तिला तरी आठवतं की नाही देव जाणे.

थांब, आशीर्वाद राहिलाच. खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा आहे तसाच, माझ्याआधी तोच म्हातारा झाला. अक्षर लावून वाच, चार इयत्तांत याहून बरं येत नाही.

तू लिहिलंस, मालिका संथ, त्यात तुझं संगीतही संथ, म्हणून वाहिनीवाले ते बदलायला सांगतायत. "आजी, लोक काय म्हणतात ते खरं खरं कळव, मग मी ठरवते." तर खरं खरं कळवायला बसलेय. मध्ये कुठं भरकटले तर रागावू नकोस.

टकळी म्हणते, "ती बाई सोमवारी कपडे वाळत घालायला निघाली, बुधवारी पहिला चिमटा लावला. तेवढ्यात माझी दोन वेळची भांडी होतात." नर्स म्हणते, "माझा पेशंट इतका हळू चालला तर मी डॉक्टरला हाक मारते." पण येतात हो रोज! नावं ठेवतात आणि येतात. आज तरी ती दार उघडते का बघू म्हणत येतात. आणि तुझं ते जाड तारांचं वाद्य वाजायला लागलं की टकळीसुद्धा गप्प. तिचा नवरा मला जिन्यात गाठून विचारत होता, "काय दाखवता हो तिला? आमच्याकडे पण लावता येईल का?"

शेवटी नावांच्या पाट्या भराभर पळतात. तुझं नाव अक्षर लावून वाचेपर्यंत ते वर निघून गेलेलं असतं. पण मला जागा कळलीय. मी उठून काचेवर बोट ठेवते, ते बोटाखालून जातं. टकळी म्हणते, "बोट लावताय तर काचही पुसून घ्या."

तर आज आले ते दोघं, वाहिनीनं पाठवलेली मुलगी आणि तिच्याबरोबरचा यंत्रवाला. कुठल्या घरी बायका जमून ही मालिका बघतात असं ती आठवड्यापूर्वी विचारत फिरत होती, अख्ख्या गल्लीनं माझ्या दाराकडे बोट केलं. तिनं तेव्हाच समजावलं होतं, प्रत्येकीच्या हातात एक गोल बटण देणार, रेडिओचा आवाज वाढवायला असतं तसं. आवडलं की उजवीकडे फिरवायचं, कंटाळा आला की डावीकडे. एकच तुकडा दोनदा दाखवणार, आधी तुझ्या संगीताचा, मग नव्याचा. झालं! मी काय गप्प बसते? काल सगळ्यांना बोलावून पढवलं. "माझी नात आहे ती. पहिल्याला उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे, आणि तोंडानं भरपूर कौतुक."

मुलीनं आधी विचारलं, "मालिकेतल्या कुणाशी कुणाचं नातं आहे का? असलं तर मत धरत नाही आम्ही." मी म्हटलं, "छे गं, आमचं कुठलं एवढं भाग्य!" शिंपीणबाई छताकडे बघायला लागली. तुला नाकारलं गं मी. तोंडात मिठाचा खडा धरल्यासारखं झालं.

मग तिघींना बटणं दिली, मला नाही, आणि सुरू केलं. तुझं वाजायला लागलं, तिघींनी बटणं उजवीकडे फिरवली ती गच्च. मी खूश. मग यंत्रवाल्यानं पडदा काळा केला, तरी उजवीकडेच. मग नवं संगीत आलं. काय सांगू, पत्र्याच्या जिन्यावरून रिकामे डबे गडगडावेत तसं. तरी उजवीकडेच! मी डोळे वटारतेय, खोकतेय, आणि शिंपीणबाई बटण हलवलं तर मोडेल म्हणून मुठीत आवळून बसलेली. तिचं बघून बाकीच्या दोघी.

मुलगी म्हणाली, "मावशी, पडदा काळा होता तेव्हाही तुम्हाला एवढं आवडत होतं?"

टकळी म्हणाली, "डोळ्यांना विश्रांती मिळाली ना!"

मग तोंडी मत. शिंपीणबाईनं मन लावून कौतुक केलं: "पहिलं संगीत म्हणजे काय विचारू नका. माझ्या सुनेचं बाळ आल्यापासून डोळ्याला डोळा लावत नव्हतं. हे ऐकलं की दूधसुद्धा न पिता गाढ!" मुलीनं लिहिलं, झोप येते. मी म्हटलं, "अगं, तसं नाही म्हणायचं तिला." ती म्हणाली, "लिहिलं आजी."

आता एक सांगायचं राहिलंय. राहिलंय कसलं, मीच ठेवलंय.

तू दर पत्रात विचारतेस, आजोबांना आवडतं का. मी लिहिते, हो. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मीही येत नाही. परवा चहा दिला तर म्हणाले, "बाई, तुम्ही फार करता आमचं. तुमच्या घरचे वाट बघत असतील." मी म्हटलं, असतील. दुसरं काय म्हणू?

पण संध्याकाळी तुझं वाद्य सुरू झालं की आतल्या खोलीतून आपणहून येतात. माझ्याशेजारी बसतात. म्हणतात, "सरक जरा. माझा चष्मा कुठं टाकलास?" पहिल्यासारखं रागावून! चष्मा नाकावरच असतो. मी दाखवत नाही, तेवढंच अजून दोनदा रागावतात. पाट्या संपल्या की मी पुन्हा बाई. का होतं ते डॉक्टरला सांगता येत नाही. नर्सनं फोनवर नुसतं संगीत भरून दिलं, ते लावलं तर दारापर्यंत आले, इकडंतिकडं बघितलं आणि परत गेले. त्यांना ती बाई, तो चिमटा, तू वाजवायच्या आधी ठेवतेस ती शांतता, सगळं लागतं.

आजही आले. बसले. मला सरक म्हणाले. मग ते डबे गडगडले आणि दचकून उभेच राहिले. त्या मुलीला नमस्कार केला, "चुकून आलो तुमच्याकडे, माफ करा" म्हणाले आणि आत जाऊन कडी लावली. कडी काढायला यंत्रवाल्याला खटपट करावी लागली.

मी मुलीला म्हटलं, "यांचं मत लिही. बटणापेक्षा हे खरं आहे." मुलगी वाईट नाही हो. तिनं वही मिटली, माझा हात धरला. म्हणाली, "आजी, पन्नाशीच्या पुढची माणसं आम्ही धरत नाही. जाहिरातीतलं ती काही विकत घेत नाहीत म्हणे."

"म्हणजे मीही नाही?"

"तुम्ही घर दिलंत ना, ते पुष्कळ झालं."

तर असं आहे बाळा. काळ्या पडद्यालाही उजवीकडे, म्हणून त्या तिघींची बटणं बाद. माझ्यामुळं. न पढवता बसल्या असत्या, तर पहिल्याच सुराला टकळीचा हात आपोआप उजवीकडे गेला असता, पैज लावते.

तू नाही म्हणालीस तर तुझं काम जाईल आणि दुसरं कुणीतरी डबे वाजवेल. हो म्हणालीस तर तूच वाजवशील. तुझं घरभाडं आहे, पुढचं सगळं आयुष्य आहे. आम्हा म्हाताऱ्यांकडे बघून ठरवू नकोस. हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. खोडलं नाही, पण तू वाचताना खोडलंय असं समज. तू खरं खरं कळव म्हणालीस म्हणून सगळंच कळवलं, नाहीतर चष्म्याचं मी कुणाला सांगितलं नसतं.

पुन्हा बघायचंय म्हणाली ती, पन्नाशीच्या आतल्या नव्या चार जणी जमवा, आणि आजोबांना तेवढा वेळ दुसरीकडे बसवाल का? मी म्हटलं, बसवते.

जेवत जा वेळेवर.

तुझी आजी, आणि संध्याकाळी अर्धा तास यांची बायको

शनिवारी येतायत ते वाहिनीवाले. सोयीचं आहे ना, विचारत होती ती मुलगी. या म्हटलं.