निरोगी म्हणून दिलेलं रक्त

प्रिय धाकट्या,

पाच वर्षं ना फोन ना पत्र, आणि आज ताईला कुठून पुळका आला, असं म्हणशील. म्हण बापडा. पण पत्र फाडू नकोस, तुझ्या तब्येतीचं काम आहे.

मी अजून त्याच प्रयोगशाळेत रक्तातल्या प्रथिनांचं वजन करते. वजन करायचं तर रेणू हवेत उडवावे लागतात, आणि पूर्वी एवढे मोठे रेणू उडवायला गेलं की त्यांचे तुकडे व्हायचे. आता आम्ही ते द्रावणातच ठेवतो आणि केसाएवढ्या सुईतून, तिला विजेचा जबर दाब देऊन, फवारतो. थेंब हवेत वाळत जातो, वीज प्रथिनाला चिकटून राहते आणि ते अख्खंच्या अख्खं यंत्रात शिरतं. बाबा म्हणायचे, पोरगी फवारे मारायचा पगार घेते. घरी आता दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी, दुसरीवर वाळलेले कपडे. दिवसभर यंत्राशीच बोलते. ते तुझ्यासारखं उलट उत्तर देत नाही, आणि त्याचाच कंटाळा येतो.

दोन महिन्यांपूर्वी तुलनेसाठी ठेवलेलं निरोगी माणसाचं रक्त संपलं. मी बाही वर केली, म्हटलं, माझं घ्या, मी ठणठणीत आहे. पडद्यावर एका प्रथिनाची एकच रेघ यायला हवी होती, आल्या दोन, अगदी शेजारी शेजारी. मला वाटलं सुई खराब झाली. ती बदलून पुन्हा फवारलं, तरी दोनच. मग डॉक्टरांकडे रीतसर तपासण्या झाल्या, आणि दुसरी रेघ त्याच प्रथिनाच्या बिघडलेल्या रूपाची निघाली. हा दोष रक्ताच्या नात्यातून येतो. ते प्रथिन वर्षानुवर्षं नसांत आणि हृदयात साचत जातं. बाबांची बोटं बधिर व्हायची, त्याला आपण म्हातारपण म्हणत राहिलो. माझं वेळेत सापडलं, औषध सुरू आहे. तुझ्यातही तो दोष असण्याची शक्यता निम्मी आहे.

बाबा गेले त्या आठवड्यात तुझ्या हातून त्यांचा कप निसटला. मी चारचौघांत तुला नाही नाही ते बोलले, जिवंतपणी फिरकला नाहीस आणि आता उरलंसुरलं फोडतोस म्हणून. तू एवढंच म्हणालास, की कप सुटल्याचं हाताला कळलंच नाही. मला ती सबब वाटली. त्या दोन रेघा दिसल्यापासून तुझं ते वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. मला माफ कर, आणि बोटांना मुंग्या येत असोत वा नसोत, तपासणी करून घे. एकट्याने जायचं नसेल तर इकडे ये. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे मी आवरून ठेवलेत.

तुझीच, भांडून पस्तावलेली
ताई